हिरकणीचा बुरुज आणि शिजऱ्यातला एक शब्द

१

रायगडाच्या पायथ्याला हिरकणीवाडी आहे. रोपवेने गडावर जाणारे लोक इथेच रांगेत उभे राहतात आणि रांगेतले कोणीतरी आपल्या मुलांना ती गोष्ट सांगत असतेच. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सांज होताच बंद झालेले दरवाजे, खाली घरात भुकेले बाळ आणि अंधारात कडा उतरून घर गाठणारी आई. सकाळी ही गोष्ट महाराजांच्या कानावर जाते. ते तिला शिक्षा करीत नाहीत. साडीचोळी देऊन तिचा गौरव करतात आणि ती उतरली त्या जागी बुरुज बांधवून घेतात. ही लोककथा आहे. समकालीन कागदपत्रांत तिचा आधार शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. तरीही वाडीला, बुरुजाला आणि एस.टी.च्या एका गाडीला हिरकणीचे नाव आहे. बसस्थानकावर लेकराला पाजण्यासाठी जी आडोशाची खोली असते तिलाही आपण 'हिरकणी कक्ष' म्हणतो. २०१९ मध्ये तिच्यावर मराठी चित्रपटही निघाला.

या गोष्टीकडे मी एक कौटुंबिक कथा म्हणून पाहतो. तिच्यात एका बाजूला दरवाजा बंद करणारी सत्ता आहे आणि दुसऱ्या बाजूला घरचे नाते आहे. नाते दरवाजा मानत नाही. कथेतला राजा मोठा ठरतो तो एवढ्यासाठीच, की आपल्या हुकुमापेक्षा मोठे काही असू शकते हे त्याने मान्य केले. आणि ही गोष्ट टिकली ती दप्तरामुळे नाही. घराघरांत सांगितली गेली म्हणून टिकली.

मग प्रश्न पडतो तो असा. ज्यांचे नाते सत्तेला मान्यच नाही, ज्यांच्यासाठी कोणी बुरुज बांधणार नाही, त्यांच्या घरच्या गोष्टींचे काय होते? समलिंगी मुलगा, तृतीयपंथी लेक, दोन बायांचे एक घर, हिजड्यांचे गुरू-चेल्याचे घराणे. या सगळ्यांना मिळून अलीकडे 'क्वीअर' असा एक शब्द वापरला जातो. शब्द परका आहे, पण माणसे परकी नाहीत. या लेखात मला त्या माणसांविषयी जेवढे बोलायचे आहे, त्याहून अधिक त्यांच्या घरच्यांविषयी बोलायचे आहे: आई, भाऊ, खाला, भाचा यांनी सांगितलेल्या, किंवा न सांगितलेल्या, गोष्टींविषयी.

हा विषय मला सुचला त्याला कारण माझ्याच हातून झालेली एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी मी आमच्या खानदानाचा शिजरा तयार केला. महाड-पोलादपूरकडच्या कोकणी मुसलमान घरांत अशी वंशावळ जपण्याची आवड जुनी आहे. अम्मीचे एक चुलत भाऊ होते. तरुणपणी मुंबईला गेले, जहाजावर खलाशी झाले आणि पुढे तीस वर्षे एका मित्राबरोबर एकाच खोलीत राहिले. लग्न केले नाही. ईदला गावी येत तेव्हा दोघांच्या वतीने सगळ्यांना कपडे आणत. मित्र वारला तेव्हा जनाज्यात मामू सर्वांत मागच्या सफीत उभे होते. पुरसा घ्यायला मित्राचे चुलते बसले. मामूंना कोणी पुरसा दिला नाही. मित्राच्या बहिणीची पोरकी मुलगी या दोघांनी वाढवली होती. तिला शिकवले, तिचा निकाह लावून दिला. शिजऱ्यात मामूंच्या नावापुढे मी रिवाजाप्रमाणे एक शब्द लिहिला: 'लावलद'. निपुत्रिक. आणि रेघ तिथेच थांबवली.

छापील शिजरा खालाच्या हाती दिला. तिने चष्मा लावून वाचला आणि एवढेच विचारले, "तू त्याला लावलद लिवलास? मंग ती पोर कोनाची?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मामूंचे नाव मी वगळले नव्हते. एकही अक्षर खोटे लिहिले नव्हते. तरीही एका शब्दाने एक अख्खे घर पुसले होते.

२

पुसण्याची ही पद्धत माझी एकट्याची नाही. राज्यसंस्थेची पद्धत नेमकी हीच आहे. ती माणसाला क्वचितच थेट नाकारते. ती त्याचे कुटुंब नाकारते. मग माणूस आपोआप एकटा, बेवारस आणि संशयास्पद ठरतो.

याचे दाखले आपल्याच मुलखात आहेत. मराठा राजवटीत काही हिजड्यांना इनाम जमिनी आणि गावोगाव भिक्षा मागण्याचा हक्क सनदेने मिळालेला होता आणि तो गुरूकडून चेल्याकडे जात असे. म्हणजे गुरू-चेल्याचे नाते हे वारशाचे नाते आहे, हे सरकारदरबारी मान्य होते. इंग्रजी अमलात मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे हक्क पुढे चालू देण्यास नकार दिला. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ च्या एका निबंधात ही हकिकत मांडली आहे. त्यानंतर १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. भटक्या-विमुक्तांवरील अन्यायाच्या संदर्भात हा कायदा आपल्याला ठाऊक आहे. त्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, हे फारसे सांगितले जात नाही. उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या त्या भागात, नोंदवहीत नाव चढलेल्या व्यक्तीला अज्ञानाचे पालक होता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, बक्षीसपत्र करता येत नसे आणि मूल दत्तक घेता येत नसे. वाचकांनी ही यादी पुन्हा वाचावी. कुटुंब म्हणून जगायला जे जे लागते तेच एकेक करून काढून घेतले आहे.

स्वातंत्र्यानंतर ही मानसिकता संपली असे म्हणता येत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार दिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा समलिंगी प्रौढांना गुन्हेगार ठरविणारा भाग रद्द झाला. या दोन्ही निकालांत व्यक्ती मोकळी झाली. पण २०१९ चा तृतीयपंथीयांविषयीचा कायदा झाला तेव्हा त्यात 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या रक्ताने, विवाहाने किंवा कायदेशीर दत्तकाने जोडलेली माणसे अशी केली गेली. आईबापांना सांभाळता आले नाही तर न्यायालयाने पुनर्वसन केंद्रात पाठवावे, अशी तरतूद आली. ज्या गुरूने घराबाहेर काढलेल्या पोराला जेवू घातले, त्याचे आजारपण काढले, त्या गुरूचा या व्याख्येत कोठेच पत्ता नव्हता.

२०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला. केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात सांगितले की पती, पत्नी आणि मुले ही भारतीय कुटुंबाची कल्पना आहे आणि त्यात हे नाते बसत नाही. पुढे असेही म्हटले गेले की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. या खटल्यात 'जमियत उलमा-ए-हिंद'नेही विरोधाचा अर्ज केला होता. एरवी ज्या सरकारशी आपले एका ओळीवरही पटत नाही, त्याच्या शेजारी आपली एक मोठी संघटना उभी राहिली. तिचे धार्मिक मत तिला लखलाभ असो, त्यावर पुढे बोलूच. पण 'भारतीय कुटुंब कोणते हे सरकार ठरवील' या वाक्यावर सही करताना मुसलमानाने दोनदा विचार करायला हवा होता, असे मला वाटते. उद्या हेच वाक्य कोणाच्या घरावर येईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मान्य झाला नाही. दत्तकाच्या आणि नागरी सहजीवनाच्या प्रश्नावर न्यायमूर्ती तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले. पुढे २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवले की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले समजावे. साखर-तांदळापुरते का होईना, घर मान्य झाले.

आसामचे उदाहरण तर आपल्या काळजाला भिडणारे आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी तिथल्या नागरिक नोंदवहीची अंतिम यादी आली. १९ लाखांहून अधिक माणसे यादीबाहेर राहिली. आपण त्या यादीकडे मुसलमान म्हणून पाहिले, ते स्वाभाविकच होते. पण तिच्याबाहेर राहिलेल्यांत सुमारे दोन हजार तृतीयपंथी असल्याचे सांगत स्वाती बिधान बरुआ सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. कारण साधे आहे. नागरिकत्व सिद्ध करायला बापाचा, आजोबाचा कागद लागत होता. ज्याला बापाने घराबाहेर काढले त्याने तो कागद कोठून आणायचा? 'कागद दाखवा' या दोन शब्दांची धास्ती आपल्याला माहीत आहे. ती धास्ती आपल्या एकट्याची नाही.

३

अशा पुसण्याला उत्तर कसे द्यायचे? मोर्चा हे एक उत्तर आहे, खटला हे दुसरे. तिसरे उत्तर घरच्यांनी तोंड उघडणे हे आहे. २०२३ च्या त्या खटल्यात 'स्वीकार' या पालकांच्या गटातील चारशेहून अधिक आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सरकार म्हणत होते की हे भारतीय कुटुंबात बसत नाही. हे आईबाप सांगत होते की ते आमच्याच कुटुंबात जन्मले आहेत. सरकारच्या युक्तिवादातील 'कुटुंब' हा शब्दच त्यांनी काढून घेतला. मला हा प्रतिकार फार मोलाचा वाटतो. हक्क मागणाऱ्या व्यक्तीला एकटे पाडता येते. तिची आई शेजारी उभी राहिली की ते अवघड होते.

या कसोटीवर मराठी साहित्याने काय केले ते पाहू. गोष्ट आहे की नाही एवढेच न विचारता, ती कोण सांगतो आहे हे विचारू.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्या काळात हा विषय उघडपणे मांडणे हे धाडस होते आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण गोष्ट सांगतो बापू, मित्रावर जीव असलेला तरुण. मित्राचे घर नाटकात जवळजवळ नाहीच. ज्याला घर नाही त्याच्या गोष्टीला शेवटी आत्महत्येशिवाय वाट उरत नाही. नंतरच्या कितीतरी कथांनी हाच शेवट उचलला. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्ल्यू' (२००६) ही कादंबरी घराच्या आत येते. भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडतात आणि दोघे आपापली हकिकत सांगतात. पण ते एकमेकांना सांगत नाहीत. दोघांचे दुःख वाचकाला ठाऊक असते, फक्त घराला नसते. मराठी मध्यमवर्गीय घरातल्या मौनाचे इतके अचूक चित्र दुसरे नाही. मात्र मौनाचे चित्र म्हणजे मौन मोडणे नव्हे.

मौन मोडले ते चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'ने. या नाटकात आपला मुलगा समलिंगी आहे हे आईला त्याच्या लिखाणातून कळते आणि मग सारे नाटक ती आईच बोलते. तिला राग येतो, लाज वाटते, स्वतःचे काय चुकले याचा ती शोध घेते आणि हळूहळू मुलाकडे वळते. रंगमंचावर मुलगा नाही, तरी तोच सगळीकडे आहे. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' ही कादंबरी लिहून समलिंगी तरुणाची घालमेल मांडली. पण मला त्यांचे 'मनाचिये गुंती' हे संकलन अधिक महत्त्वाचे वाटते. त्यात आईवडील आणि नातेवाईक बोलतात. वाङ्मयीन दृष्ट्या ही मनोगते साधी आहेत, काही ठिकाणी अडखळतात. परंतु त्यांचे बळ त्या अडखळण्यातच आहे. शिकवलेले वाक्य सफाईदार येते. स्वतःच्या लेकराविषयी पहिल्यांदा बोलणारा बाप अडखळणारच.

'मी हिजडा, मी लक्ष्मी!' (२०१२) हे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन या मालिकेत वेगळे आहे. त्यात दोन घरे एकाच वेळी आहेत. ठाण्याचे आईबापाचे घर सुटत नाही आणि गुरूचे घराणेही आपले होते. हिजडा म्हणजे घर सुटलेला माणूस, हा समज हे पुस्तक मोडते. दिशा पिंकी शेख यांच्या 'कुरूप'मधील कविता या समजाला वेगळ्या वाटेने भिडते. ती आत्मदयेच्या आहारी जात नाही आणि तिच्यात जातीचे व पोटाचे भान आहे.

आणि अगदी अलीकडचा रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा चित्रपट. २०२५ मध्ये त्याला सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातील सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. बापाच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा, लग्नाचा लकडा लावणारे नातेवाईक, शेतात राबणारा बालमित्र आणि सगळे जाणून मुलाला पाठीशी घालणारी आई. 'शहरी उच्चभ्रू' या आरोपाला शंभर लेखांनी दिले नसते असे उत्तर या चित्रपटाने दिले आहे, आणि तेही आवाज न चढवता. तिथे सुतक आहे, शेत आहे, भावकी आहे. आपल्या कोणत्याही गावात दिसणारे घर आहे.

४

या सगळ्या यादीत मुसलमान घर कोठे आहे? माझ्या वाचनात तरी ते मराठीत जवळजवळ नाही. आणि ही उणीव मला आपल्या चळवळीच्या दृष्टीने गंभीर वाटते.

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. 'मुसलमानाची भाषा उर्दू, त्याचा मराठीशी काय संबंध' या पुसण्याला आपण उत्तर दिले ते घरातल्या गोष्टी सांगून. हमीद दलवाई यांची 'इंधन' कोकणातल्या मुसलमान मोहल्ल्यात घडते. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' आणि नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' वाचून किती वाचकांना मुसलमान घर पहिल्यांदा आतून दिसले असेल! तलाक सांगितला, गरिबी सांगितली, दंगल सांगितली, अपंगत्व सांगितले. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणालेच की 'हे बाहेर कशाला? आपल्या विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल.' आपण तरीही लिहिले. मग या एका दारापाशी येऊन आपली लेखणी का थांबते?

उर्दूत ती थांबली नव्हती. इस्मत चुगताई यांनी १९४२ मध्ये 'लिहाफ' लिहिली. लाहोरला अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून त्या सुटल्या. या कथेची चर्चा नेहमी खटल्याच्या अंगाने होते, पण तिची रचना पाहा. सांगणारी एक लहान मुलगी आहे आणि बेगम जान ही तिच्या आईची मुँहबोली बहीण आहे. म्हणजे ती घरचीच गोष्ट आहे, भाचीने सांगितलेली. तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत: मुलीला दिसते ती भीती, आणि नोकराणी रब्बो तर केवळ सावलीसारखी येते. पण इस्मतआपांनी पुढे आत्मकथनात एक प्रसंग नोंदवला आहे. जिच्यावरून कथा सुचली त्या बाईंची आणि त्यांची बऱ्याच वर्षांनी गाठ पडली. आपल्याला बोलणी बसणार असे लेखिकेला वाटत होते. प्रत्यक्षात त्या बाईंनी तिला प्रेमाने जवळ केले. त्या नवाबापासून मोकळ्या होऊन नवे आयुष्य जगत होत्या, त्यांना मुलगा होता. गोष्ट बाहेर गेली म्हणून घर मोडले नाही. उलट एक बंद दार उघडले.

इथे वाचकांच्या मनातला आक्षेप मला ऐकू येतो. 'शरीअतचे काय?' हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. समलिंगी संबंधांविषयी फुकहांचे पारंपरिक मत निषेधाचे आहे, हे मला माहीत आहे. त्यावर फतवा देण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही. मी साहित्याचा विद्यार्थी आहे. पण त्याच परंपरेत आणखीही काही आहे. आपल्या फिकहच्या ग्रंथांत 'खुन्सा'वर स्वतंत्र प्रकरणे आहेत. ज्याचे स्त्री-पुरुषत्व ठरवता येत नाही त्याला वारसा किती, नमाजात त्याची सफ कोणती, याची तपशीलवार चर्चा आहे. 'हिदाया'सारख्या हनफी ग्रंथात हा विषय शेवटी येतो आणि आपण कोकणातले ज्या शाफई मजहबाचे, त्यातही त्याचा विचार आहे. मुद्दा असा की फिकहने त्या माणसाला मोजले, त्याला घरात वाटा दिला.

दुसरी गोष्ट नात्याची. रक्ताशिवाय नाते होते हे मुसलमानाला नव्याने शिकवावे लागत नाही. रजाअतने, म्हणजे दुधाने, नाते जुळते आणि ते निकाहाच्या नियमांपर्यंत पाळले जाते. हजरत हलीमा सादिया यांची आठवण प्रत्येक मीलादमध्ये होते. हुनैनच्या लढाईनंतर दूधबहीण शैमा समोर आल्या तेव्हा प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यासाठी आपली चादर अंथरली, ही रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो. हिजड्यांच्या घराण्यांतही 'दूधबेटी' करण्याची रीत आहे. हैदराबादच्या हिजड्यांवर गायत्री रेड्डी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिचे वर्णन येते. त्यांच्या घराण्यांची नावेही पाहा: भेंडीबाजारवाला, पूनावाला. आपल्याच वस्त्यांची नावे. ही दोन्ही नाती शरीअतच्या दृष्टीने एक आहेत असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की 'रक्त नाही म्हणून नाते नाही' हे वाक्य निदान आपल्या तोंडी शोभत नाही.

आणि तिसरी गोष्ट सिलारहमीची. नातलगांशी संबंध जोडून ठेवणे हा हुक्म आहे आणि नाते तोडणे हे मोठे पाप आहे. मुलाच्या वर्तनाविषयी बापाचे मत काहीही असो, त्याला घराबाहेर काढून त्याचे नाव न घेण्याची मुभा त्याला कोणी दिली?

५

घरच्या गोष्टी सांगण्यात धोके आहेत आणि ते समीक्षकाने दाखवायला हवेत. पहिला धोका असा की गोष्ट मुलाची आणि नायक आईबाप, असे होते. 'आम्ही किती मोठ्या मनाने स्वीकारले' हा सूर लागला की साहित्य संपते आणि सत्कार सुरू होतो. दुसरा धोका, स्वीकारात जुने दोष तसेच येतात. २०१५ मध्ये मुंबईतील कार्यकर्ते हरीश अय्यर यांच्या आईने त्यांच्यासाठी वर हवा अशी जाहिरात दिली. ती गाजली, तिचे कौतुक झाले. पण तीत 'अय्यर असल्यास प्राधान्य' असेही होते. कुटुंब नवे झाले तरी जात जुनीच राहू शकते. तिसरा धोका सर्वांत मोठा: ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी. मोहल्ला लहान असतो. नाव न घेता सांगितले तरी माणूस ओळखू येतो आणि त्याचे भोग त्यालाच भोगावे लागतात. म्हणून सांगण्याइतकेच विचारणेही महत्त्वाचे आहे. आपल्या विरोधकांना मुसलमान घरातली अशी गोष्ट हवीच असते, तिच्यातले प्रेम वगळून. ते वगळता येणार नाही अशी गोष्ट लिहिणे हे लेखकाचे कसब.

महाडची भूमी याबाबतीत आपल्याला धीर देणारी आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या सत्याग्रहींवर हल्ला झाला तेव्हा त्यांच्यातील काहींना महाडच्या मुसलमान घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात, मनुस्मृतीचे दहन झाले त्या परिषदेसाठी कोणी जागा द्यायला तयार नव्हते, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. इतिहासात ही हकिकत दोन-चार ओळींत येते. दार कोणी उघडले, आतल्या बायांनी काय रांधले, शेजारी काय म्हणाले, हे त्या घरांनीच सांगायचे होते. आपण ते पुरेसे सांगितले नाही. आणि न सांगितलेले हळूहळू न घडलेले होते.

मामू आता नाहीत. ती मुलगी आहे; स्वतः आई आहे. तिला विचारूनच मी हे लिहितो आहे आणि तिच्या सांगण्यावरूनच कोणाचेही नाव लिहिलेले नाही. शिजऱ्याची दुसरी प्रत काढली तेव्हा मामूंच्या नावापुढचा 'लावलद' काढला. त्या जागी काय लिहावे यावर घरात पुष्कळ वाद झाला. एक चुलतभाऊ अजून माझ्याशी बोलत नाही. अखेर खालाने तोडगा सुचवला तसे केले. मामूंच्या शेजारी मित्राचे नाव लिहिले, मधे नात्याचा कोणताही शब्द न घालता. आणि दोघांच्या नावांखाली एकच रेघ खाली ओढून तिथे मुलीचे नाव लिहिले.

शिजऱ्यांच्या रिवाजात हे बसत नाही, हे मला मान्य आहे. ती प्रत खालाने आपल्या पेटीत कुरआनशरीफच्या गिलाफाशेजारी ठेवली आहे. घरी कोणी पाहुणे आले की ती काढून दाखवते आणि कोणी विचारले तर सगळे सांगते.